देवळालीचे गणिती शिक्षक : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

फ्रान्स देशांतील तुलूझ या नगरांत सतराव्या शतकांत पिएर द फेर्मा नांवाचे एक गृहस्थ होऊन गेले. गणित हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. ते तेथील वरिष्ठ न्यायसभेंत अधिकारी होते. खटले ऐकावे, कागदपत्रें वाचावीं, आणि कामांतून सवड मिळाली म्हणजे आंकड्यांच्या संगतींत रमावें, असा त्यांचा क्रम असे. एका जुन्या ग्रीक ग्रंथाच्या समासांत त्यांनीं एक विधान लिहून ठेविलें आणि त्याची सिद्धता मांडावयास समास अपुरा आहे असा शेरा जोडला. १६६५ सालीं ते वारले. पुढें १६७० सालीं त्यांच्या मुलानें तें टिपण छापून काढलें. त्या एका विधानानें युरोपांतील मोठमोठ्या पंडितांना सव्वातीनशें वर्षें झुलविलें. अखेर अँड्र्यू वाइल्स या इंग्रज गणितज्ञांनीं १९९५ सालीं त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. फेर्मांच्या नांवामागें प्राध्यापक ही पदवी कधींच लागली नाहीं. ते हौशी गणिती होते.

असा एक हौशी गणिती आपल्या महाराष्ट्रांतहि होऊन गेला. त्यांची बुद्धि फेर्मांच्या तोडीची होती असें म्हणण्याचा या लेखाचा हेतु नाहीं, आणि तसें म्हटलें तर तें खरेंहि होणार नाहीं. परंतु दिवसभर दुसरें काम करून उरलेल्या वेळांत, कोणी पाठ थोपटो वा न थोपटो, संख्यांच्या मागें जन्मभर लागण्याचें जें वेड फेर्मांना होतें, तेंच यांनाहि होतें. आणि यांचें दिवसाचें काम तर आपणां सर्वांच्या ओळखीचें आहे. ते शाळामास्तर होते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणू येथें झाला. हें गांव त्या काळीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. २०१४ सालीं पालघर जिल्हा निराळा झाल्यापासून तें त्या जिल्ह्यांत आहे. दत्तात्रय आठ वर्षांचे असतांना त्यांच्या मातोश्री निवर्तल्या आणि मुलाच्या संगोपनाचा भार वडिलांवर पडला. वडील कारकुनी करीत. त्यांना फलज्योतिषाचा फार नाद होता. कुंडली मांडावयाची म्हणजे आंकडेमोड आलीच. वडिलांनीं मुलाला ती शिकविली. ज्योतिषाचें फळ काय मिळालें तें असो. परंतु पाटीवरच्या बेरजा-वजाबाक्यांत मुलाला गोडी लागली ती कायमची. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झालें. शाळेंत असतांनाच लांबलचक हिशोबांना जवळच्या वाटा शोधणें आणि कोडीं सोडविणें हा त्यांचा विरंगुळा होता.

१९२३ सालीं ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत दाखल झाले. या कॉलेजाचें नांव त्या काळीं गणिताशीं विशेष जोडलेलें होतें. केंब्रिजच्या अवघड गणित-परीक्षेंत १८९९ सालीं पहिल्या क्रमांकाचा मान मिळवून 'सीनिअर रँग्लर' झालेले पहिले हिंदी विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनीं तेथें वर्षानुवर्षें प्राचार्यपद भूषविलें होतें. रँग्लर परांजप्यांच्या नांवानें, विद्यार्थ्यानें स्वतःच्या बुद्धीनें केलेल्या गणिती लेखनासाठीं एक पारितोषिक ठेविलेलें होतें. १९२७ सालीं तें कापरेकरांना मिळालें. १९२९ सालीं ते बी. एस्सी. झाले. येथें त्यांचें कॉलेजचें शिक्षण संपलें. पुढील पदवी नाहीं, विलायत नाहीं, संशोधन शिकविणारा गुरु नाहीं. १९३० सालीं नाशिकजवळ देवळाली येथें शाळेंत शिक्षकाची जागा मिळाली आणि १९६२ सालीं सेवानिवृत्त होईपर्यंत त्यांनीं तेथेंच शिकविलें. बत्तीस वर्षें एकाच गांवांत.

देवळालीविषयीं एक गंमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथें इंग्रजी राजवटींत गोऱ्या पलटणींची छावणी असे. मायदेशीं परत जाणाऱ्या शिपायांना बोट मिळेपर्यंत या छावणींत महिनोन्‌महिने खोळंबून राहावें लागे, आणि त्या रिकामपणांत कित्येकांचीं डोकीं फिरत. त्यावरून 'डूलाली' हा वेडसर या अर्थाचा शब्द इंग्रजी भाषेंत रूढ झाला. म्हणजे ज्या गांवानें इंग्रजांच्या कोशाला वेडाचा एक शब्द दिला, त्याच गांवांत आमच्या मास्तरांचें वेड बत्तीस वर्षें सुखेनैव नांदलें.

हें वेड कसलें होतें तें सांगण्यापूर्वीं एक आख्यायिका सांगतों. रेल्वेच्या रुळालगत ३०२५ हा आंकडा लिहिलेली एक पाटी होती. वादळांत ती मधोमध मोडली; एका तुकड्यावर ३० आणि दुसऱ्यावर २५ राहिले. इतर उतारूंनीं पाटी मोडली एवढेंच पाहिलें. कापरेकरांनीं मनांत ३० आणि २५ यांची बेरीज केली, ती ५५ आली. आणि ५५ चा वर्ग करावा तों तो पुन्हा ३०२५! ही गोष्ट अक्षरशः घडली कीं मागाहून रचली गेली, याची ग्वाही मी देत नाहीं. फाटलेल्या चिठ्ठीवरील ३०२५ चें हेंच कोडें ड्यूडनी या इंग्रज कोडेकारानें त्यापूर्वीं प्रसिद्ध केलेलें होतें. परंतु गोष्ट कशीहि असो, एका आंकड्यावर न थांबतां त्याचीं भावंडें शोधीत जाण्याचें काम कापरेकरांनीं केलें, हें मात्र निश्चित आहे. ४५ घ्या : त्याचा वर्ग २०२५; आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. ९९ चा वर्ग ९८०१. ९८ अधिक १ म्हणजे ९९. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ अधिक २०९ म्हणजे पुन्हा २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. तो मधोमध तोडून बेरीज करून पाहण्याचें काम वाचकांवर सोंपवितों. अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात.

आपल्या गांवाजवळून नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता जातो. त्यावरील अंतराचे दगड आपण येतां-जातां पाहतों, आणि गांव किती दूर राहिलें एवढाच त्यांचा आपल्याला उपयोग. कापरेकर त्या रस्त्यानें निघाले असते तर बहुधा प्रत्येक दगडाशीं त्यांची विचारपूस झाली असती. कारण प्रवास आणि आगगाडी यांचा त्यांच्या गणिताशीं जुना संबंध होता. विद्यार्थिदशेंतच, मुंबईपासून सुमारें तीस मैलांवर असलेल्या, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो या स्थानकावर त्यांना एका जातीच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनीं त्या संख्यांना 'डेमलो संख्या' असेंच नांव देऊन टाकलें. १६५, १६६५, १६६६५ या संख्या पाहा : मधले अंक सारखे, आणि दोन टोकांच्या अंकांची बेरीज त्या मधल्या अंकाइतकी. २५५३ हीहि त्यांतलीच. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, या चढत्या-उतरत्या संख्यांना त्यांनीं 'अद्भुत डेमलो' म्हटलें. त्यांवर त्यांनीं १९३८ सालीं गणिताच्या एका नियतकालिकांत लेख लिहिला, आणि पुढच्या सालीं गुंजीकर यांच्याबरोबर मुंबई विश्वविद्यालयाच्या नियतकालिकांत या संख्यांचें शास्त्र मांडलें. बड्या गणितज्ञांच्या नांवानें सिद्धान्त ओळखले जातात. एका रेल्वे स्थानकाच्या नांवानें संख्या ओळखल्या जाव्या, ही कल्पना फक्त या मास्तरांनाच सुचावी!

नांवें ठेवण्याचा त्यांना भारी छंद होता, आणि नांवें ते आपल्या भाषेंतून निवडीत. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाते तिला त्यांनीं 'हर्षद' म्हणजे आनंद देणारी म्हटलें. १२ च्या अंकांची बेरीज ३, आणि ३ नें १२ भागले जातात; म्हणून १२ हर्षद. श्रीनिवास रामानुजन यांच्यामुळें प्रसिद्धीस आलेली १७२९ ही संख्या घ्या : तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ एक्याण्णवें बरोबर १७२९. म्हणून तीहि हर्षद. परदेशांत या संख्यांना दुसऱ्या एका गणितज्ञांचें नांवहि मागाहून देण्यांत आलें. परंतु हर्षद हा संस्कृत शब्दच सर्वत्र अधिक चालतो, आणि संगणकाची भाषा शिकणारीं देशोदेशींचीं मुलें, त्याचा अर्थ ठाऊक नसतांहि, हर्षद संख्या ओळखण्याचें उदाहरण सोडवितात.

याहून सुंदर कल्पना 'स्वयंभू' संख्यांची. कोणतीहि संख्या घ्या आणि तिच्यांत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १२ घेतले तर १२ अधिक ३ म्हणजे १५. १५ वरून २१, २१ वरून २४, याप्रमाणें एक संख्या दुसरीला जन्म देत जाते. तेव्हां १२ ही १५ ची जननी, १५ ही २१ ची जननी. आतां २० ची जननी कोण? १० पासून ११ येतात, ११ पासून १३, १५ पासून २१, १९ पासून २९. ९ पासून १८. सर्व तपासून पाहिलें तरी २० कोठूनहि येत नाहींत. २० ला जननी नाहीं. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या शंभराच्या आंतील तेरा संख्या अशाच, कोणापासूनहि न जन्मलेल्या. शिवालयांतील पिंडी कोणी न घडवितां आपोआप प्रकट झाली असें असल्यास तिला आपण स्वयंभू म्हणतों. कापरेकरांनीं तोच शब्द या संख्यांना दिला. कर्मभूमीच्या प्रेमानें त्यांना ते 'देवळाली संख्या' असेंहि म्हणत.

उलट कित्येक संख्यांना एकाहून अधिक जननी असतात. ९१ मध्यें ९ व १ यांची बेरीज मिळविली कीं १०१ येतात. आणि १०० मध्यें १ मिळविला तरी १०१ च येतात. दोन दिशांच्या वाटा १०१ पाशीं एकत्र होतात. वर्ध्याला किंवा बडनेऱ्याला गाडी बदलणाऱ्या आपल्याकडील वाचकांना अशा ठिकाणाला काय म्हणतात तें सांगावयास नको. कापरेकरांनींहि तेंच नांव दिलें : 'जंक्शन' संख्या.

मुलांना हें सारें गोड वाटेल. परंतु ज्या पंडितांपुढें कापरेकर तें मांडीत, त्यांतील बहुतेकांना तें तसें वाटलें नाहीं. येथें त्यांच्या आयुष्यांतील खरी अडचण सांगितली पाहिजे. भारतीय गणित परिषदेच्या संमेलनांना ते निष्ठेनें जात, तेथें निबंध वाचीत. ऐकणाऱ्यांत विद्यापीठांतले नामांकित प्राध्यापक असत. त्यांतील कित्येकांनीं या शाळामास्तराच्या आंकड्यांकडे हंसून पाहिलें. हें गणित नव्हे, पोरखेळ आहे, अशी त्यांची भावना होती. आणि ही केवळ आपल्याकडील पंडितांची तऱ्हा नव्हती. रामानुजनांना ज्यांनीं केंब्रिजला बोलावून घेतलें, त्या हार्डींसारख्या गुणग्राही पुरुषानेंहि १९४० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका लहानशा पुस्तकांत असल्या आंकड्यांचीं कांहीं उदाहरणें देऊन, तीं कोड्यांच्या सदरांत शोभतील, गणितज्ञाचें मन ओढून घेईल असें त्यांत कांहीं नाहीं, असा अभिप्राय दिला. नवल असें कीं हार्डींनीं निवडलेल्या उदाहरणांत ९८०१ ही संख्या होती, कारण ती १०८९ हीच उलटी वाचलेली आणि तिच्या नऊपट आहे. आणि हीच ९८०१, वर पाहिल्याप्रमाणें, ९९ चा वर्ग म्हणून कापरेकरांच्याहि वहींत होती.

पंडितांचा आक्षेप निव्वळ अहंकाराचा नव्हता, हेंहि न्यायबुद्धीनें सांगणें अवश्य आहे. मनुष्याच्या हातांना दहा बोटें आहेत म्हणून आपण दहा-दहाच्या गटांनीं मोजतों आणि त्याप्रमाणें अंक लिहितों. बोटें आठ असतीं तर तीच संख्या निराळ्या अंकांनीं लिहिली गेली असती, आणि ३०२५ ची ती गंमत त्या रूपांत उरली नसती. संख्येचा जो गुण तिच्या लिहिण्यावर अवलंबून आहे तो संख्येचा अंगभूत गुण नव्हे, तो तिच्या पोषाखाचा गुण आहे, असें शास्त्रज्ञांचें म्हणणें. फेर्मांचें विधान आठ बोटांच्या माणसालाहि तितकेंच खरें ठरेल. हा भेद खरा आहे. परंतु यावरून हीं कोडीं सोडविणें सोपें आहे असें ठरत नाहीं, आणि तीं सोडवूं नयेत असें तर मुळींच ठरत नाहीं. तान्हें मूल आईला प्रथम तिच्या लुगड्याच्या रंगावरूनच ओळखतें.

कापरेकर कोणाशीं वाद घालीत बसले नाहींत. त्यांनीं आपलें काम चालू ठेविलें. मोठीं नियतकालिकें लेख घेत नसत तेव्हां ते लहान नियतकालिकांकडे वळत. तींहि मिळालीं नाहींत तर पदरमोड करून चोपड्या छापवीत. आवर्ती दशांशांवर, स्वयंभू संख्यांवर अशा कित्येक चोपड्या त्यांनीं देवळालीहून स्वतः काढल्या. शिक्षकाच्या त्या वेळच्या पगारांत छपाईचा खर्च भागविणें म्हणजे काय, हें पालकवर्गास अधिक सांगण्याची गरज नाहीं. छापलेल्या चोपड्या विकणारा दुकानदार नव्हता. ज्याला आवड त्याच्याकडे त्या टपालानें जात. पुढें जगानें कापरेकरांची दखल घेतली ती अशाच कागदांवरून.

आतां ज्या शोधामुळें त्यांचें नांव चिरस्थायी झालें त्याकडे वळूं. हा शोध त्यांना १९४६ सालीं लागला. १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत त्यांनीं तो सांगितला, आणि १९५५ सालीं न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकांत त्यावर लेख आला. वाचकांनीं पाटी-पेन्सिल घेऊन पुढील मजकूर वाचावा, नुसता डोळ्यांनीं वाचूं नये.

चार अंकी कोणतीहि संख्या घ्या. चारहि अंक सारखे नसावेत एवढीच अट. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि पहिलींतून दुसरी वजा करा. उत्तर येईल त्याचें पुन्हा तेंच करा. उत्तर तीन अंकी आलें तर डावीकडे शून्य लिहून तें चार अंकी समजा. उदाहरणादाखल कापरेकरांचें जन्मसाल घेऊं : १९०५. उतरत्या क्रमानें ९५१०, चढत्या क्रमानें ०१५९, वजाबाकी ९३५१. पुढें ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. मग ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. ७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६. ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आतां ६१७४ चे अंक मांडले तर ७६४१ आणि १४६७ हेच पुन्हा मिळतात, आणि उत्तर पुन्हा ६१७४. येथून सुटका नाहीं. दुसरी कोणतीहि संख्या घेतली तरी वाट निराळी, मुक्काम हाच. आणि सात पायऱ्यांच्या आंत तेथें पोंचलेंच पाहिजे. आपल्या उदाहरणाला सातहि पायऱ्या लागल्या. तीन अंकी संख्यांचें असेंच केलें तर सारे ४९५ पाशीं येतात. दोन अंकींचें मात्र निराळें आहे : तेथें एक मुक्काम नाहीं, ८१, ६३, २७, ४५, ०९ अशी घाण्याच्या बैलासारखी फेरी चालूच राहते.

हें असें कां घडतें? चमत्कार म्हणून हात जोडून न बसतां वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं थोडा विचार केला तर त्यांना तें कळण्यासारखें आहे. अंक उतरत्या क्रमानें लावले म्हणजे वजाबाकीचें उत्तर दोनच गोष्टींवर ठरतें. पहिल्या आणि चौथ्या अंकांतील फरकाला ९९९ नें गुणा, दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकांतील फरकाला ९० नें गुणा, आणि दोहोंची बेरीज करा, तेंच उत्तर. १९०५ चे अंक ९, ५, १, ०. पहिला फरक ९, त्याचे ८९९१. दुसरा फरक ४, त्याचे ३६०. बेरीज ९३५१, म्हणजे वर आलेलेंच उत्तर. आतां पहिला फरक १ पासून ९ पर्यंतच असूं शकतो, आणि दुसरा फरक पहिल्याहून मोठा असूं शकत नाहीं. अशा जोड्या मोजून पाहिल्या तर त्या फक्त ५४ भरतात. म्हणजे चार अंकी संख्या हजारों असल्या तरी पहिल्याच वजाबाकीनंतर त्या ५४ उत्तरांत गोळा होतात, आणि त्या ५४ उत्तरांचा पुढचा प्रवास कागदावर मांडून पाहणें हें एका पावसाळी दुपारचें काम आहे. ६१७४ पाशीं पहिला फरक ६ व दुसरा २, ६ गुणिले ९९९ म्हणजे ५९९४, आणि २ गुणिले ९० म्हणजे १८०, बेरीज ६१७४. जाळें तेथेंच मिटतें. (ही संख्या हर्षदहि आहे : तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ नें भागिलें तर ३४३ येतात, जो ७ चा घन आहे. मास्तरांना याचा आनंद झालाच असला पाहिजे.)

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हा शोध लागण्यास कोणतेंहि यंत्र, कोणतेंहि मोठें ग्रंथालय, कोणतीहि उच्च पदवी लागत नव्हती. वजाबाकी येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाताशीं तो शेंकडों वर्षें पडून होता. तरी तो जगाला दाखवून देण्यास १९४६ साल उजाडावें लागलें, आणि तो देवळालीच्या एका शाळामास्तराला सांपडावा लागला. आज ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

१९६२ सालीं ते सेवेंतून निवृत्त झाले आणि १९६६ सालीं त्यांच्या पत्नी वारल्या. निवृत्तिवेतन तुटपुंजें असल्यामुळें उतारवयांतहि मुलांना गणित व विज्ञान घरीं शिकवून ते निर्वाह करीत. तशा स्थितींतहि वही बंद झाली नाहीं. १९७३ सालीं कोपर्निकस या पोलिश ज्योतिर्विदाच्या जन्मास ५०० वर्षें झालीं. सूर्य स्थिर असून पृथ्वी त्याच्याभोंवतीं फिरते असें ठासून सांगणाऱ्या त्या पुरुषाला वंदन म्हणून कापरेकरांनीं एक जादूचा चौकोन रचला आणि त्याला कोपर्निकसाचें नांव दिलें. सत्कार करावयाचा तर तोहि आंकड्यांनींच!

आणि मग १९७५ चा मार्च महिना आला. अमेरिकेंतील 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकांत मार्टिन गार्डनर हे गणिती करमणुकीचें एक सदर लिहीत असत. जगांतील असंख्य गणितप्रेमी तें वाट पाहून वाचीत. त्या महिन्याच्या सदरांत गार्डनर यांनीं देवळालीच्या कापरेकरांचा आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांचा परिचय करून दिला. ज्या कागदांकडे घरच्या पंडितांनीं ढुंकून पाहिलें नव्हतें ते सातासमुद्रांपलीकडे वाचले जाऊं लागले. त्या वेळीं कापरेकरांचें वय सत्तर होतें. परदेशांतील गणितज्ञांनीं त्यांच्या संख्या हातीं घेतल्या, त्यांविषयीं नवीं प्रमेयें सिद्ध केलीं, दहाऐवजीं दुसऱ्या पायांवर संख्या लिहिल्या तर ६१७४ च्या जागीं काय येतें याचा शोध घेतला. 'पोषाखाचा गुण' म्हणून ज्याची हेटाळणी झाली होती त्याचीच अशी पद्धतशीर चिकित्सा सुरू झाली. आपल्याकडेहि मग मराठी वाचकांना कापरेकर ठाऊक झाले. परदेशाची मोहोर उमटल्यावांचून घरचें नाणें ओळखावयाचें नाहीं, ही आपली खोड जुनीच आहे. तिचा अनुभव त्यांनाहि सत्तर वर्षें वाट पाहून घ्यावा लागला.

त्यांच्या संशोधनाची योग्यता ठरवितांना दोन टोकें टाळावींत. त्यांना दुसरे रामानुजन म्हणणें हा रामानुजनांवर अन्याय, आणि त्यांना केवळ कोडीं घालणारे गृहस्थ म्हणणें हा त्यांच्यावर अन्याय. रामानुजन खोल समुद्रांत बुडी मारणारे. कापरेकर किनाऱ्यानें चालणारे. मात्र त्या किनाऱ्यानें रोज लाखों माणसें जात होतीं, आणि त्यांच्या पायांखालचे शिंपले उचलून, पुसून, त्यांच्या जाती लावून ठेवण्याचें काम या एकाच माणसानें नेटानें केलें. कापरेकर संख्या, कापरेकर स्थिरांक, स्वयंभू, हर्षद, डेमलो : गणिताच्या जागतिक कोशांत मराठी माणसाच्या हातचे इतके शब्द क्वचितच गेले असतील.

कापरेकर १९८६ सालीं वारले. वाचकांच्या हातांत अद्याप पाटी असेल तर तें सालहि मांडून पाहावें. ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२. हा आंकडा ओळखीचा वाटेल. जन्मसालापासून निघालों तेव्हां दुसऱ्याच पायरीवर तो लागला होता. येथून पुढें दोन्ही सालांची वाट एकच : ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४.